सेंद्रिय शेतीच्या एमएस्सीला जुना प्लॉट हवा

मध्यंतरी सेंद्रिय शेतीत एमएस्सी केलेल्या एका मुलीचा थिसिस वाचायला मिळाला. मेहनत भरपूर होती, दोन हंगाम, तीन प्रकारची खतं, प्रत्येकाच्या चार चार पुनरावृत्ती, तक्ते नीट, आकडेमोड नीट, आणि शेवटच्या प्रकरणात एक वाक्य होतं की या पद्धतीने जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत राहणारा कार्बन) वाढला आणि म्हणून ही शेती शाश्वत आहे. ते वाक्य वाचून मी अडकलो ते अडकलोच. चूक त्या मुलीची नाही हे आधीच सांगतो, तिला जेवढा वेळ आणि जी जमीन दिली त्यात तिने उत्तम काम केलंय, पण दोन हंगामांत कर्ब वाढला असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही, आणि तिच्यासारखी शेकडो मुलं दरवर्षी हेच वाक्य लिहून पदवी घेऊन बाहेर पडतात.

साधा हिशोब करून बघा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात साधारण 20 लाख किलो माती असते. त्यात कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा म्हणजे 2 टन कर्ब मातीत टिकून राहायला हवा, टाकायला नव्हे, टिकून राहायला. आता 10 टन शेणखत टाकलं, त्यातलं पाणी वजा केलं तर कर्ब असतो दीडेक टन, आणि त्यातला बराचसा वर्षभरात जिवाणू खाऊन हवेत सोडून देतात, मग उरतं किती तर अर्धा टन धरा फार तर. म्हणजे 0.02-0.03 टक्के. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतून माती काढली तरी याच्यापेक्षा जास्त फरक येतो हो! मग जो फरक तक्त्यात दिसला तो खताचा, की माती काढायचा ऑगर (गिरमिट) कुठे टेकवला त्याचा, हे दोन हंगामांत कोण सांगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की सेंद्रिय शेतीचं पदव्युत्तर शिक्षण द्यायचं असेल तर त्या विभागाकडे एक कायमचा प्लॉट असलाच पाहिजे, जो एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाईल, ज्याची नोंदवही पंधरा-वीस-तीस वर्षं चालू राहील, आणि विद्यार्थ्याचा थिसिस हा त्या लांब गोष्टीतला दोन वर्षांचा तुकडा असेल. दरवेळी नवीन वाफे आखायचे, नवीन विषय, नवीन गाईड आणि मुलगा पास झाला की नांगर फिरवून सगळं सपाट, हे रासायनिक खताच्या मात्रा तपासायला चालतं कारण युरियाचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. सेंद्रिय शेतीत ते चालत नाही. इथे खरं काय ते पाचव्या, आठव्या, पंधराव्या वर्षी कळतं.

आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे वेळेचं गणित नियमातच लिहिलेलं आहे. जमीन सेंद्रिय म्हणून गणली जायला जो रूपांतरणाचा काळ लागतो तो अमेरिकेच्या नियमांत 36 महिने आहे, युरोपात वार्षिक पिकांना पेरणीआधी 2 वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांना काढणीआधी 3 वर्षं. एमएस्सी असते दोन वर्षांची, त्यातलं पहिलं वर्ष बरंचसं वर्गात जातं. म्हणजे नव्या वाफ्यावर प्रयोग सुरू करणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो तेव्हा त्याची जमीन कागदावरसुद्धा सेंद्रिय झालेली नसते!! त्याने जे मोजलं ते सेंद्रिय शेती नव्हतीच, ती सेंद्रियकडे निघालेली शेती होती, आणि ही सुरुवातीची वर्षं तर सगळ्यात वाईट असतात, नत्र (नायट्रोजन) कमी पडतं, तण माजतं, उत्पादन खाली येतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रोडेल इन्स्टिट्यूटने 1981 साली असाच तुलनेचा प्रयोग सुरू केला, त्यात पहिल्या काही वर्षांत सेंद्रिय मका मागे पडला होता आणि नंतर बरोबरीला आला. तो प्रयोग कुणी दुसऱ्या वर्षी थिसिस छापून बंद केला असता तर निष्कर्ष काय निघाला असता ते तुम्हीच सांगा.

जगात हे ज्यांनी नीट केलं त्यांच्याकडे बघितलं की जीव हरखतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक नावाचं शेत आहे, तिथे 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे, मधे दोन महायुद्धं होऊन गेली तरी. त्यातल्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत पडतं, शेजारी रासायनिक खताचे पट्टे, आणि एक पट्टा असा की ज्याला काहीच मिळत नाही. शेणखताच्या पट्ट्यातला कर्ब कित्येक दशकं हळूहळू चढत गेला आणि मग जाऊन स्थिरावत आला. कर्ब वाढतो पण कायम वाढतच राहत नाही, एका पातळीला येऊन थांबतो, हे त्या पट्ट्यामुळे डोळ्यांनी बघता येतं. आज मातीत कर्ब साठवल्याच्या हिशोबावर कार्बन क्रेडिट विकणारे जे लोक आहेत त्यांनी हे आधी वाचावं असं मला फार वाटतं, पण तो वेगळा विषय झाला. तिथली अजून एक गोष्ट मला भारी वाटते, जुन्या काळापासूनचे मातीचे आणि धान्याचे नमुने त्यांनी बाटल्यांत भरून ठेवलेत. ज्या गोष्टी मोजायची यंत्रं तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती त्या आज त्या बाटल्या उघडून मोजता येतात.

दुसरा प्रयोग स्वित्झर्लंडमधला, बाझेलजवळ थेरविलला, 1978 साली सुरू झालेला डॉक प्रयोग. बायोडायनॅमिक (सेंद्रियचाच एक पंथ), सेंद्रिय आणि नेहमीची रासायनिक अशा पद्धती शेजारी शेजारी, तेच पीक, तीच फेरपालट. 21 वर्षांचे निकाल 2002 मध्ये सायन्स या जर्नलमध्ये छापून आले आणि मला वाटतं सेंद्रिय शेतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते तीन आकडे पाठ करावेत. सेंद्रिय प्लॉटचं उत्पादन सरासरी 20 टक्के कमी. खत आणि ऊर्जेचा वापर 34 ते 53 टक्के कमी. कीडनाशकं 97 टक्के कमी. यात दोन्ही बाजूंना पुरेल एवढं आहे, उत्पादन घटतं हे खरं आणि ती घट खत-औषधांत झालेल्या बचतीच्या मानाने थोडी आहे हेही खरं, आणि हे एका वाक्यात न बसणारं सत्य आहे म्हणूनच ते शिकवायला पदव्युत्तर वर्ग लागतो. सेंद्रियने जगाचं पोट भरेल किंवा सेंद्रियने उपासमार होईल, ही दोन्ही वाक्यं बोलायला पदवी लागत नाही.

आता शाश्वततेचं. हा शब्द इतका वापरला जातो की तो ऐकून कुणाला काही दिसतच नाही आता. माझ्यासाठी शाश्वत म्हणजे हिशोब जुळणं, जमिनीतून किती गेलं, किती आलं, कुठून आलं. गव्हाचं 4 टन धान्य शेतातून बाहेर गेलं की त्याच्याबरोबर साधारण 80 किलो नत्र जातं. 10 टन शेणखतात नत्र असतं 50 किलोच्या आसपास, आणि त्यातलं पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागतं जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं कुठून येणार? द्विदल पिकातून, हिरवळीच्या खतातून, आधीच्या वर्षांच्या खतातून जे हळूहळू सुटत राहतं त्यातून. म्हणजे यंदाचं पीक गेल्या पाच-सात वर्षांच्या जोरावर उभं असतं. आपल्या भाषेत यासाठी बेवड हा किती अचूक शब्द आहे, आधीच्या पिकाने जमिनीत काय मागे ठेवलं ते. दोन वर्षांच्या प्रयोगात बेवड मोजायला जागाच नसते, नव्या वाफ्याखालच्या जमिनीत आधी कुणीतरी टाकलेलं सुपर फॉस्फेटच अजून काम करत असतं आणि श्रेय जातं जिवाणू खताला.

शिवाय ते 10 टन शेणखत आलं कुठून हाही प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. जनावरांनी चारा खाल्ला तो दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीतून आला, म्हणजे एका शेतातलं स्फुरद (फॉस्फरस) उचलून दुसऱ्या शेतात आणलं. नत्राचं एक वेळ ठीक आहे, ते हवेतून पकडता येतं, स्फुरद हवेत नाही. धान्याबरोबर ते शहरात जातं आणि परत येत नाही. जनावरं न ठेवता केलेल्या सेंद्रिय शेतीत स्फुरद आणि पालाश (पोटॅश) वर्षानुवर्षं वजा होत जाण्याचा धोका असतो आणि पहिली दहा वर्षं पीक काही कुरकुर करत नाही, जुन्या साठ्यावर चालतं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा ताळेबंद मांडता आला पाहिजे, आणि वजा आला तर वजा लिहिण्याची हिंमत पाहिजे.

तांब्याचंही तसंच. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असं लोकांना वाटतं, पण बुरशीसाठी तांब्याची औषधं सेंद्रिय नियमांत चालतात, द्राक्षबागांमध्ये तर सर्रास वापरली जातात. तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं, गांडुळांना त्रास देतं. म्हणून तर युरोपात त्यावर 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो अशी मर्यादा घातली आहे. बघा, नियमसुद्धा सात वर्षांचा हिशोब धरतो. आणि आपण मुलांना दोन वर्षांत निष्कर्ष मागतो.

जुन्या प्लॉटवर विद्यार्थी नक्की काय शिकेल, असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी दोन ढेकळं दाखवीन. एक जुन्या सेंद्रिय प्लॉटमधलं, एक वर्षानुवर्षं नुसती नांगरट झालेल्या जमिनीतलं, दोन्ही सुकवलेली, दोन काचेच्या ग्लासांत पाण्यात अलगद सोडायची. नांगरटीच्या जमिनीतलं ढेकूळ बघता बघता विरघळतं, कडेने भुगा सुटतो, ग्लासात चिखल होतो. सेंद्रिय प्लॉटमधल्यातून बारीक बारीक बुडबुडे येत राहतात आणि ते तसंच बसून राहतं, पाणी जवळपास नितळ. त्या ढेकळाला धरून ठेवणारा चिकटा बुरशीच्या तंतूंचा, मुळांच्या स्रावांचा, गांडुळाच्या विष्ठेचा असतो आणि तो साठायला वर्षं लागतात. पावसाचा थेंब पडल्यावर जमीन बंद होणार की पाणी पिणार हे त्या ग्लासात दिसतं. ते एकदा हातांनी केलं की मातीची रचना हे प्रकरण पुस्तकातून घोकावं लागत नाही.

किंवा द्विदल पिकाचं रोप फावड्याने अलगद उचलायचं, उपटायचं नाही कारण उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात, मुळं पाण्यात धुवायची आणि गाठी मोजायच्या. मोजून थांबायचं नाही, नखाने एक एक फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती काम करतेय, हवेतलं नत्र बांधतेय, तो रंग आपल्या रक्तासारख्याच एका प्रथिनाचा असतो. पांढरी किंवा करडी निघाली तर नुसती गाठ आहे, आत काम चालू नाही. हिरवट असेल तर म्हातारी झाली. मी असे रिपोर्ट पाहिलेत ज्यात गाठींची संख्या अगदी दशांश चिन्हापर्यंत दिलेली होती आणि एकही गाठ कुणी फोडून बघितलेली नव्हती.

याच्यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. पहिला पैशाचा. कायमचा प्लॉट म्हणजे मजूर, पाणी, कुंपण, नोंदी ठेवणारा माणूस, आणि प्रकल्पाचं अनुदान असतं तीन वर्षांचं, चौथ्या वर्षी कोण देणार? यावर माझं उत्तर असं की हा खर्च प्रयोगशाळेसारखा धरा, प्रकल्पासारखा नको. रसायनशास्त्राचा विभाग दर तीन वर्षांनी आपली प्रयोगशाळा पाडून नवी बांधत नाही ना, मग सेंद्रिय शेतीच्या विभागाची जी प्रयोगशाळा आहे तिच्यावर नांगर का फिरवता? आणि अर्धा-एक हेक्टर खूप झाला. ज्यांच्याकडे तेवढीही जमीन नाही त्यांनी पंधरा-वीस वर्षं सेंद्रिय करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याशी लेखी करार करावा, त्याला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, त्याचं नाव पेपरवर घालावं. ते नाव घालण्याचा मी आग्रह धरीन.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो, की मग आमचं स्वतःचं असं काय राहिलं, आम्ही दुसऱ्याच्या प्रयोगात हमाली करायची का. मला हा प्रश्न समजतो, त्या वयात स्वतःचं काहीतरी हवं असतं. पण जुन्या प्लॉटवर प्रश्न कमी नसतात उलट जास्त असतात. पंधरा वर्षांच्या नोंदी हातात असतील तर दुष्काळाच्या वर्षी कुठला पट्टा टिकला, कीड आली तेव्हा मित्रकीटक कुठे आधी पोचले, तणांच्या जाती कशा बदलत गेल्या, मजुरी किती वाढली, यातला एकेक प्रश्न अख्खा थिसिस आहे. नव्या वाफ्यावर फक्त एकच प्रश्न विचारता येतो, याच्यात आणि त्याच्यात फरक आला का, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा फरक नाही असं असतं, जे लिहायला कुणी तयार नसतं. नापास प्रयोग छापायची सवय लागली पाहिजे, एखादं जिवाणू खत चाललं नाही तर चाललं नाही असं सरळ लिहा, त्याने शेतकऱ्याचे पैसे वाचतात.

तिसरा आक्षेप, हे ज्ञान शेतकऱ्यांकडे आहेच, पदवीची गरजच काय. यातला आदर मला मान्य आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1905 साली सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसाला आले ते पाश्चात्त्य शेतीशास्त्र शिकून, आणि नंतर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की शेतकरी आणि किडी हेच आपले खरे प्राध्यापक. 1924 पासून इंदूरला बसून त्यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती त्या निरीक्षणांतूनच आली. पण एक बघा, हॉवर्ड शिकले कसे, तर त्यांना वर्षानुवर्षं त्याच मुलुखात, स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर काम करता आलं. सहा महिन्यांच्या दौऱ्यात ते झालं नसतं. शेतकऱ्याकडे एका जागेचं खोल ज्ञान असतं, ते दुसऱ्या जमिनीवर, दुसऱ्या पावसात कितपत लागू पडेल ते तपासायला शिकलेला माणूस लागतो, आणि त्याच्याकडे तेवढाच वेळ नसेल तर तो त्या शेतकऱ्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार?

घाई केली की काय होतं त्याचं उदाहरण श्रीलंकेचं आहे आणि ते फार वेदनादायक आहे. 2019 च्या निवडणुकीत आश्वासन होतं 10 वर्षांत सेंद्रियकडे जायचं. 2021 च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतं आणि कीडनाशकांच्या आयातीवर एकदम बंदी घातली, परकीय चलन वाचवणं हेही त्यामागचं कारण होतं, आणि भाताचं पीक घसरलं, चहाला फटका बसला, तांदूळ बाहेरून आणावा लागला, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. तेव्हापासून सेंद्रियचे विरोधक श्रीलंकेचं नाव घेतात आणि समर्थक गप्प बसतात. मी समर्थक आहे आणि मला गप्प बसायचं नाही. दहा वर्षांचं काम एका हंगामात करायला निघाले, आणि कुठल्या जमिनीला किती नत्र कमी पडेल, ते कशातून भरायचं, कंपोस्ट किती लाख टन लागेल आणि ते बनवायला कच्चा माल आहे का, हे आधी मांडून सांगणारी माणसं निर्णयाच्या टेबलावर हवी होती. पदव्युत्तर शिक्षणाचं शाश्वततेतलं काम मला विचाराल तर हेच आहे. युरोपियन युनियनने 2030 पर्यंत 25 टक्के शेतजमीन सेंद्रिय करायचं लक्ष्य ठेवलंय, जगात आज हे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास आहे. ही उडी मारताना नाही म्हणू शकणारी, थांबा म्हणू शकणारी, आणि थांबा म्हणताना हातात वीस वर्षांची नोंदवही असलेली माणसं लागणार आहेत. प्रमाणपत्राचे फॉर्म भरणारे भरपूर मिळतील.

शिकवायची पद्धतही बदलता येते, अशक्य काही नाही. नॉर्वेत आस इथल्या विद्यापीठात कृषी-परिस्थितिकीचा (शेताकडे एक परिसंस्था म्हणून बघणाऱ्या शास्त्राचा) मास्टर्स कोर्स आहे, तिथे मुलं सुरुवातीलाच खऱ्या शेतावर जातात, शेतकऱ्याशी बोलतात, काय चाललंय ते समजून घेतात आणि मग त्यातून जे प्रश्न पडतात त्यांच्यासाठी सिद्धांताकडे वळतात. जर्मनीत कासेल विद्यापीठाच्या विट्झेनहाउझेनच्या विभागात तर सेंद्रिय शेतीवर आख्खी फॅकल्टी उभी आहे. म्हणजे हा विषय मुख्य विभागाच्या कोपऱ्यात एखादा ऐच्छिक पेपर म्हणून ढकलून द्यायचा नाही, त्याला स्वतःची जमीन, स्वतःची माणसं द्यायची. जैविक कीडनियंत्रण, बाजार, प्रमाणपत्र हे सगळे विषय लागतातच, त्यावर मी वाद घालत नाही, ते कुठेही शिकता येतील. तशी जमीन मात्र तयार मिळत नाही, ती घडवावी लागते.

त्या मुलीला मी नंतर विचारलं, तुझ्या प्लॉटचं पुढे काय झालं. ती म्हणाली पुढच्या बॅचच्या कुणाला तरी दिला, त्याचा विषय वेगळा होता, त्याने रासायनिक खत टाकलं. हे सांगताना तिचा आवाज जरा बदलला, दोन वर्षं रोज पहाटे जायची ती तिथे. मग म्हणाली मातीचे नमुने आहेत माझ्याकडे, दोन्ही हंगामांचे, घरी प्लास्टिकच्या पिशव्यांत पडलेत, टाकवत नाहीत. मी म्हटलं टाकू नकोस, पिशव्यांतून काढ, सावलीत सुकव, झाकणाच्या बाटल्यांत भर आणि प्रत्येकीच्या चिठ्ठीवर तारीख, प्लॉट नंबर आणि माती किती खोलवरची ते पेन्सिलने लिही, पेनाची शाई उडून जाते.